नाल्यावरची वाडी

सिंदी मेघेच्या मागच्या अंगाला, नव्या लेआउटचे प्लॉट संपतात आणि नाला वळण घेतो, तिथे पुंडलिकराव निकोडेंची भाजीपाल्याची वाडी होती. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुळा. उन्हाळ्यात चवळी आणि वांगी. पहाटे जुड्या बांधायच्या आणि यशोदाबाईंनी त्या टोपलीत भरून वर्ध्याच्या बाजारात नेऊन बसायचं, हे त्यांचं लग्न झालं तेव्हापासून चालत आलेलं होतं.

नाला पूर्वी दिवाळीपर्यंतच वाहायचा. मग डबकी उरायची, पुढे तीही आटायची, आणि पुंडलिकराव विहिरीवर यायचे. ब्याण्णव-त्र्याण्णवपासून आजूबाजूची शेतं प्लॉट पाडून विकली गेली. घरं उठली, घरोघरी बोअर झाले आणि विहीर कोरडी पडली. पण त्याच घरांचं सांडपाणी नाल्यात यायला लागलं. नंतर रस्त्याच्या कडेला दोन-तीन खासगी दवाखाने उघडले, त्यांचेही पाइप मागून नाल्यातच सुटले. नाला बारमाही झाला. पाणी काळपट होतं, वासही यायचा, पण भर मे महिन्यात दुसऱ्यांचे वाफे करपलेले असताना निकोडेंचा पालक हिरवागार असायचा. पुंडलिकराव नाल्याला नावं ठेवू देत नसत. त्या पाण्यावर त्यांनी हेमराजला ऑटो घेऊन दिला होता आणि त्याच्या पाठच्या हर्षाला एम.एस्सी.ला घातलं होतं. पोरगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, हे त्यांना नीट सांगता येत नसे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "जंतूचं शिकून राह्यली."

२००३ सालच्या माघात वाफ्याला पाणी वळवताना फावडं पुंडलिकरावांच्या पायावर बसलं. चिखलात चप्पल फसते म्हणून ते अनवाणीच असायचे. उजव्या अंगठ्याजवळ कापलं. त्यांनी हळद भरली, फडकं गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरले. पाय सुजला तेव्हा मेडिकलवाल्याकडून लाल-काळ्या कॅप्सूल आणल्या. सूज उतरली, कॅप्सूल बंद झाल्या. आठवड्याभरात पाय पुन्हा सुजला. मेडिकलवाल्याने दुसऱ्या गोळ्या दिल्या.

"गोळ्या पूर्ण घेतल्या का तुम्ही?" हर्षाने एकदा विचारलं.

"दुखणं थांबलं, मंग कायले खायच्या?"

"उरलेल्या कुठे आहेत?"

यशोदाबाई चुलीपाशी होत्या. "बकरीले देल्या मी. तिले हगवण लागली होती."

तिच्या पुस्तकात अशा वागण्यावर आख्खा धडा होता, पण तो धडा या चुलीपाशी बसून वाचून दाखवावा असं तिला वाटलं नाही. शिवाय तिला वेळही नव्हता. प्रोजेक्ट चालू होता. तिच्या कामडी मॅडमनी विषय दिला होता, सांडपाण्यातले जंतू आणि त्यांच्यावर चालणारी औषधं. पाण्याचे नमुने कुठूनही घे म्हणाल्या होत्या. हर्षाने घराजवळचा नाला घेतला. सकाळी कॉलेजला जाताना बाटली भरून नेता येत होती, एवढंच त्यामागे कारण होतं.

तिने तीन ठिकाणचं पाणी घेतलं. एक नाल्याच्या वरच्या अंगाचं, वस्तीत शिरण्याआधीचं. दुसरं दवाखान्यांच्या मागचं. तिसरं बाबांच्या पाणी उपसायच्या इंजिनचा पाइप जिथे बुडलेला असायचा तिथलं. मॅडमनी सुचवलं म्हणून वाडीतली पालकाची एक जुडीही नेली.

काम अवघड नव्हतं, किचकट होतं. काचेच्या बशीत खळीसारखं थिजवलेलं खाद्य असतं, त्यावर पाण्यातले जंतू पसरवायचे. वर औषध लावलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या आणि बशी उबेत ठेवून द्यायची. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती काही वाढत नाही, स्वच्छ गोल दिसतो. लागू पडलं नाही तर जंतू टिकलीला खेटून वाढतात.

वरच्या पाण्याच्या बशीत गोल दिसले. दवाखान्यामागच्या पाण्याच्या बशीत जवळपास दिसलेच नाहीत. बाबांच्या पाइपाजवळच्या पाण्याचंही तसंच. आणि पालकाचंही.

हर्षाला वाटलं, टिकल्या जुन्या असतील. तिने पुन्हा केलं. मग मॅडमना दाखवलं. मॅडमनी बशी उजेडात धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"टिकल्या चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "मी आपल्या कपाटातल्या जुन्या जंतूवर लावून पाहिल्या, त्याच्यावर चालतात. तुझ्या नाल्यातल्यांवर चालत नाहीत."

"मॅडम, हे दवाखान्यामुळे?"

"दवाखाना असेल. घरोघरचे संडास असतील. अर्धवट गोळ्या खाणारे आपण सगळे असू. एवढ्या घरांतले जंतू त्या पाण्यात एकत्र येतात ना, तेव्हा औषधाला तोंड द्यायची युक्ती एक जंतू दुसऱ्याला देतो. मग कोणाकडून कोणाकडे गेली ते शोधता येत नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. "हा पालक कुठला?"

"आमचाच."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "घरी सांगशील का?"

हर्षाने त्याच संध्याकाळी सांगितलं. जेवणं झाली होती. पुंडलिकराव पाय खाटेवर ठेवून बसले होते, हेमराज ऑटो पुसून आत आला होता.

"बाबा, नाल्याचं पाणी भाजीला देऊ नका."

"मंग काय देऊ? दूध?"

"त्यातल्या जंतूंवर औषध चालत नाही. मी स्वतः पाहिलं. तुमचा पाय बरा होत नाही तोही त्याच्यामुळे असेल. निदान पाण्यात उतरू तरी नका."

"बीस सालापासून या पाण्यात उतरून राह्यलो. आज काऊन जंतू निघाले?"

"आज निघाले नाहीत. आज पाहिले."

हेमराज हसला, पण त्यात गंमत नव्हती. "म्हणजे आता आपल्याच वाडीवर पाटी लावतं काय? जहरी भाजी म्हणून?"

"शिजवून खाल्ली तर काही होत नाही. पण सांबार लोक कच्चा टाकतात. मुळा कच्चा खातात."

"मुळा कोणी शिजवते काय?" यशोदाबाई म्हणाल्या आणि भांडी घेऊन उठल्या. "झोपा आता. सकाळी मेथी काढाची हाये."

सकाळी पुंडलिकराव नेहमीसारखे पाण्यात उतरले. हर्षाने बाजारातून गमबूट आणून दिले. ते त्यांनी चार दिवस घातले. मग पाय सुजून बुटात मावेना, म्हणून बूट इंजिनपाशी पडून राहिले.

होळीच्या सुमारास अंगठा काळा पडला. घरात वास यायला लागला. हेमराजने बाबांना ऑटोत घालून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे पहिल्यांदा कळलं की त्यांना साखर आहे, आणि ती बरीच वर्षं असावी. डॉक्टरांनी जखमेतला पू तपासायला पाठवला, दुसऱ्या दिवशी अंगठा कापला आणि इंजेक्शनं सुरू केली. ताप उतरला नाही.

पूचा अहवाल आला तेव्हा हर्षा खाटेपाशी होती. तिने कागद वाचला. औषधांची नावं एकाखाली एक होती आणि त्यांच्यापुढे एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता, 'रेझिस्टंट', म्हणजे औषध चालत नाही. जी औषधं तिच्या बशीत हरली होती तीच इथेही हरली होती. फक्त शेवटच्या एका इंजेक्शनापुढे वेगळा शब्द होता.

ती तो कागद घेऊन मॅडमकडे गेली. "सेम आहे, मॅडम."

"सारखं आहे. तोच जंतू आहे की नाही ते आपल्या लॅबमध्ये कळणार नाही," मॅडम म्हणाल्या. "नाल्यातून पायात आला असेल. पायातून, पोटातून नाल्यात गेला असेल. इस्पितळातही लागला असेल. मला विचारशील तर मला माहीत नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

मॅडम म्हणाल्या, "जा, बाबांजवळ बस. बाकी मी पाहते."

बाबांच्या शेजारच्या खाटेवर रोहणा गावचा चिंधू नावाचा शेतकरी होता. पोटाचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, टाक्यांची जखम भरत नव्हती. त्याच्याही अहवालात तोच शब्द होता. हर्षाने त्याला विचारलं, तुमच्या गावात नाला आहे का, दवाखाना आहे का.

"कायचा दवाखाना जी," चिंधू म्हणाला. "एक डाक्टर येते बाजाराच्या दिवशी. ताप असो का खोकला असो, सुई लावते. सुई लावली का आमाले बरं वाटते." मग त्याने हळूच विचारलं, "काऊन? सुईनं झालं काय हे?"

"नाही, काका. तसं नाही."

एका दुपारी ती दवाखान्यात गेली, त्याच दवाखान्यात ज्याचा पाइप वाडीच्या वरच्या अंगाला नाल्यात पडायचा. डॉक्टरांनी तिला बसवलं, चहा मागवला. ते चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते नुसते थकलेले होते. सकाळपासून दोन बाळंतपणं झाली होती म्हणाले.

"आम्ही ब्लिचिंग टाकतो," ते म्हणाले. "पाइप बांधायचा म्हटला तर गटार कुठे आहे जोडायला? या अख्ख्या लेआउटला गटार नाही. तू म्हणतेस ते खरं असेल. पण उद्या मी दवाखाना बंद केला तरी तुझ्या नाल्यातले जंतू जाणार आहेत का?"

"जाणार नाहीत," हर्षाने कबूल केलं.

"मग?"

चहा संपवून ती उठली. दवाखान्याच्या मागे जाऊन तिने पाइप पाहिला. पाणी पडतच होतं. त्याच्या शेजारी कॉलनीतल्या घरांचे चार-पाच पाइप होते, त्यांचंही पाणी पडत होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला कॉलेजात तिचं सादरीकरण झालं. तिने जे दिसलं ते सांगितलं, कोणाचं नाव घेतलं नाही. पण ऐकणाऱ्यांत कोणाचा तरी भाऊ वार्ताहर होता. रविवारी स्थानिक पेपरात एक छोटी बातमी आली. सिंदी मेघेच्या नाल्यावरची भाजी आरोग्याला घातक, कॉलेजच्या अभ्यासातून उघड. दवाखान्यांचा उल्लेख नव्हता. लेआउटच्या संडासांचाही नव्हता. आणि नाल्यावर भाजी कोण पिकवतं हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी यशोदाबाई दुपारी उशिरा परतल्या. टोपली जशी नेली तशीच होती, फक्त पालक मान टाकून पडला होता. नेहमीच्या बाया आल्या होत्या. कोणी भांडलं नाही. 'नाल्याची हाय काय वं?' असं विचारून पुढे गेल्या. पंधरा वर्षं ज्या त्यांच्याकडूनच मेथी नेत होत्या त्याही.

यशोदाबाईंनी टोपली गाईपुढे ओतली. हर्षा दारात उभी होती.

"आई, मी नाव नव्हतं घेतलं."

"मले माहीत हाये."

"मी खोटं नाही बोलले."

"खोटं कोण म्हणते?" यशोदाबाई पायरीवर बसल्या. आवाज चढलेला नव्हता. "खरं बोलली त् खरं बोलली. पण बाजारात मी बसली होती, तू नाई."

हर्षा त्यांच्या शेजारी बसली. गाय पालक खात होती. दोघींनाही उठायचा कंटाळा आला होता, आणि इस्पितळात डबा न्यायचा होता. शेवटी यशोदाबाईच उठल्या.

वैशाखात पुंडलिकरावांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अहवालातलं ते शेवटचं इंजेक्शन मग लागू पडलं. ताप उतरला, जखम भरू लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. कोणती वेळ, हे कोणी विचारलं नाही. शेजारच्या खाटेवरून चिंधूला त्याच्या घरच्यांनी आधीच नेलं होतं, नागपूरला की परत रोहण्याला, ते नर्सलाही नक्की सांगता आलं नाही.

इस्पितळात पडल्या पडल्या पुंडलिकराव फारसं बोलत नसत. एकदा हर्षा एकटीच असताना त्यांनी विचारलं, "त्या जंतूले डोयानं पाहता येते काय?"

"एकटा दिसत नाही. लाखांनी वाढले की बशीवर दिसतात. ठिपक्यांसारखे."

"कसे दिसते?"

"चमकदार. थेंब सांडल्यासारखे."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मी तुह्यावर राग नाई धरला. पण मले वाटलं होतं, तू शिकशीन आन् कुठं दूर नोकरीले लागशीन. तू त् शिकून आपल्या वाडीतच आली."

हर्षाला रडू आलं. तिने ते त्यांना दिसू दिलं नाही. उठून खिडकी लावली, मग उकडतं म्हणून पुन्हा उघडली.

घरी आल्यावर ते अंगणात खाटेवर बसून असत. वाडी वाळली होती. हेमराज दिवसभर ऑटो चालवायचा, त्याला वेळ नव्हता आणि मनही नव्हतं. एक-दोघं वाडीची जागा विचारून गेले, प्लॉट पाडायला. पुंडलिकरावांनी त्यांना पाणी पाजून परत पाठवलं.

मृग लागायच्या आधी एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"झेंडू लावू," ते म्हणाले.

हेमराजने त्यांच्याकडे पाहिलं. "झेंडू?"

"फुलं कोणी खात नाई. दसऱ्याले, दिवाळीले खपते. पाणी हेच चालन." ते हर्षाकडे वळले. "चालन न?"

हर्षा विचार करत राहिली. तोडणाऱ्याचे हात, पाणी देणाऱ्याचे पाय, माळा गुंफणाऱ्या बाया. "हातमोजे घालावे लागतील. बूट घालावे लागतील. घरी आल्यावर साबणाने धुवायचं, दर वेळी. हाताला कापलेलं असेल तर वाडीत जायचं नाही. भाजीपेक्षा बरं. पण एकदम चांगलं आहे असं मी म्हणणार नाही."

"एकदम चांगलं कोण मांगते?" पुंडलिकराव म्हणाले.

यशोदाबाईंचं मन मात्र दुसरीकडे अडलं होतं. "देवाच्या गळ्यात घालतीन लोक ते फुलं. संडासाच्या पाण्याचे. चालते काय ते देवाले?"

"देवाले कोणती जखम होते," पुंडलिकराव म्हणाले.

त्यांना हसवायचं होतं की नाही ते कळलं नाही. पण हेमराज हसला, मग यशोदाबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. इस्पितळातून आल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

हेमराजने पहाटेच्या दोन फेऱ्या सोडून वाफे मोडले आणि सऱ्या पाडल्या. हर्षाची परीक्षा झाली होती. ती बूट घालून रोपं लावायला उतरली. पावसाने त्या वर्षी बरी साथ दिली, इंजिन फारसं लावावं लागलं नाही. नाल्याला पूर आला तेव्हा पाणी काही दिवस मातीच्या रंगाचं झालं. हर्षाने तेव्हाही बाटली भरून नेली. जंतू कमी होते, पण होते.

मॅडमनी ग्रामपंचायतीला आणि वर आणखी कुठे कुठे पत्रं पाठवली होती. एकदा दोन माणसं जीप घेऊन आली, नाल्याचे फोटो काढून गेली. पावसाळ्यानंतर दवाखान्याच्या मागे सिमेंटची एक टाकी उभी राहिली. त्या टाकीतून पाणी शुद्ध होऊन येतं असं डॉक्टरांनी हर्षाला बोलावून दाखवलं. त्यांना ते मनापासून दाखवायचं होतं, हे तिला जाणवलं. कॉलनीचे पाइप होते तसेच होते. नाल्याच्या पलीकडच्या काठावर एकाने नव्याने पालक लावला होता आणि बोअरचा म्हणून विकत होता. हर्षा त्याला भेटून आली. त्याने ऐकून घेतलं, तिला बसायला पोतं दिलं, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन चालू केलं.

कॉलेजने हर्षाला तासिकेवर शिकवायला ठेवलं. मॅडम म्हणाल्या, नाल्याचं काम पुढे चालू ठेव, दर ऋतूत नमुने घे. ती हो म्हणाली. नाही म्हणायलाही ताकद लागते, आणि तेवढी त्या दिवसांत तिच्यात नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंधार असतानाच सगळे तोडणीला लागले. पुंडलिकरावही कुबड्या घेऊन बांधापर्यंत आले होते. त्यांना हर्षाने आत येऊ दिलं नाही, तिथेच खुर्चीवर बसवलं. उजाडलं तेव्हा पोत्यांचा ढीग लागला होता. हेमराजने ऑटोत पोती भरली, वर यशोदाबाईंना बसवलं.

त्या दिवशी बाजारात कोणी काही विचारलं नाही. झेंडू कोणत्या पाण्याचा, हा प्रश्नच नसतो. दुपारपर्यंत पोती रिकामी झाली. पैसे भाजीच्या दिवसांसारखे नव्हते, वर्षातून असे दोन-तीनच दिवस यायचे, आणि बाकीच्या दिवसांचं काय करायचं ते कोणाला सुचलेलं नव्हतं. हेमराज म्हणाला, बाकीच्या दिवसांसाठी शेवंती पाहू. पुंडलिकराव म्हणाले, पाहू.

यशोदाबाई घरी आल्या, हर्षाने बादलीत ठेवलेल्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, तिने शिकवलं होतं तसे. मग भिंतीला टेकून बसल्या आणि तशाच, न जेवता, झोपी गेल्या. हर्षाने ताट वाढून आणलं होतं. ती त्यांना उठवायला वाकली.

"राहू दे," पुंडलिकराव खाटेवरून म्हणाले. "झोपू दे तिले."

हर्षाने ताट झाकून ठेवलं आणि रिकामी पोती मोजायला, धुवायला बाहेर घेऊन गेली. दिवाळीला पुन्हा लागणार होती.